कारणाचा रकाना

चॅनेलवाल्याचा फोन आला तेव्हा मी कोळंबी सोलत होते.
म्हणाला, मावशी, तुम्ही त्या बसमध्ये होतात ना,
वीस सेकंदांत सांगा, काय पाहिलंत.
मग नाव विचारलं.
खैरुन परकार, म्हटलं, गाव मंडणगडजवळ.
पलीकडे जरा शांत झालं.
त्यानंतरचे त्याचे प्रश्न वेगळे होते.

शाळेनं बजावलंय, कुणाशी बोलायचं नाही.
फोन ठेवला. बोटांना कोळंबीचा वास तसाच.

रात्री जावयानं मुंब्र्याहून व्हिडिओ पाठवला.
शारजात भारतीय मुलावर हल्ला, खाली लाल पट्टी,
अकरा सेकंद:
स्टीलची बाटली वर जाते, खाली येते.
शार्दुलच्या भुवईवर तीन टाके.
त्या अकरा सेकंदांच्या आधीचे चार महिने
कुणी शूट केले नाहीत.

मी होते तिथे.
बस नंबर एकोणीस, पुढची उलटी सीट,
सकाळी सव्वासहा, रोलापासून शाळेपर्यंत,
बेचाळीस डोकी मोजायची, बेचाळीस पट्टे लावायचे.
इद्रीस चढला की मागून कुणीतरी म्हणायचं,
लोडशेडिंग आलं रे!
आणि सगळे डोळे मिटून
आंधळ्यासारखे हवेत चाचपडायचे.

ह्या पोरांचा जन्म इथला.
दिवे गेलेलं घर त्यांनी पाहिलेलं नाही,
मेणबत्ती पाहिली ती केकवर.
मग हा शब्द त्यांना सापडला कुठे?
माझं मत विचाराल, तर डब्यातून आला.
पोळीभाजीसोबत, फॉइलमध्ये गुंडाळून, गरम गरम.
कुणाच्या तरी बाबांनी सिग्नलवर
रस्ता ओलांडणाऱ्या माणसाकडे बघून टाकला,
मागच्या सीटवरच्यानं उचलला.

डब्यांना तरी मी काय नावं ठेवू.
थोरलीच्या स्थळांच्या कागदावर
रंग ह्या शब्दापुढे मीच लिहिलं होतं, निमगोरी.
ती शेजारीच उभी होती.
बोलली काही नाही,
नुसती नळाखाली हात धूत राहिली.

आणि खरं सांगायचं तर
चाचपडण्याच्या त्या नाटकाला, पहिल्या दिवशी,
मलाही हसू आलं होतं.
इद्रीसनं ते पाहिलं.
पुढे चार महिने मी म्हणत राहिले, गप बसा रे,
सगळ्यांना मिळून,
म्हणजे कुणालाच नाही.

बाटली मारली ते चूक.
शार्दुलच्या रक्तानं माझी ओढणी भिजली,
आईला हाका मारत होतं, तेरा वर्षांचं पोर.
हे मी कुणालाही सांगेन.
पण वीस सेकंदांत एवढंच बसतं,
आणि त्यांना हवं होतं तेही एवढंच.

इद्रीसची आई शाळेत आली, अंगभर पांढरं वस्त्र लपेटून.
वाटलं, आता विचारेल.
तिनं फक्त त्याचा बसमध्ये राहिलेला डबा मागितला.
मी तो घासून ठेवला होता, दोनदा.
कशाला, ते माझं मलाच कळलं नाही.

नऊ नंबरची सीट आता रिकामी.
काल दुसरीतली एक मुलगी तिथं बसायला गेली
तर मागून ओरड:
तिथं नको, ती लोडशेडिंगची!

मी शेरदिलला म्हटलं, गाडी बाजूला घे.
आपा, इथं थांबलं तर दंड पडेल.
घे म्हटलं.
उठले, नऊ नंबरवर जाऊन बसले,
तोंड मागं वळवलं.
म्हटलं, आता म्हणा.

बाहेर हॉर्नवर हॉर्न.
एसीचं पाणी ठिबकत होतं कुणाच्या तरी दप्तरावर.
एक छोटं रडायला लागलं, ज्याचा काही संबंध नव्हता.
मोठे आपापल्या बुटांकडे बघत राहिले.
मला पुढचं वाक्य सुचलंच नाही.

बस सात मिनिटं उशिरा पोचली.
उशिराचं रजिस्टर मलाच भरायचं असतं,
कारणाचा रकाना बोटभर.
तिथं ट्रॅफिक लिहिलं.
बाकीचं हे, इथे.