दुसरी रात्र

लुबेक, नोव्हेंबर. प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर
हाइन्के योहान्सेन, वय एकोणसत्तर,
केसांत डिंक, डिंकात तारा.
निजण्याआधी तिनं शब्दांच्या जोड्या घोकल्या:
दोरखंड–मध, पाद्री–शिडी, मीठ–पत्र.
ऐंशीतल्या एकतीस आठवल्या. "वय झालं," म्हणाली,
आणि आपला चष्मा माझ्याच खिशात ठेवून दिला.

काचेपलीकडे मी, थर्मासमधली कॉफी, पडदा.
दीडच्या सुमारास लाटा रुंदावतात,
सेकंदाला एखादी, जड,
मालवाहू जहाज वळावं तशी.
यंत्र टपून असतं
फिरत्या दोरीत शिरू पाहणाऱ्या मुलीसारखं,
आत्ता नाही, आत्ता नाही, आत्ता—
चढत्या लाटेवर एक बारीक खस्स,
चाळणीतून रवा पडावा एवढंच.
लाट उंचावते. माथ्यावर तिच्या
दाट टाक्यांची शिवण धावते.
ती कूसही बदलत नाही.

सकाळी बेचाळीस.
"मीठ?"
"पत्र," ती चटकन म्हणते,
जणू ते टेबलावरच पडलं होतं.

आठवड्यानं पुन्हा.
तीच उशी, त्याच तारा, नव्या जोड्या.
नियमाप्रमाणे आज आवाज शून्यावर.
यंत्र टपतं, क्षण हेरतं, खूण करतं
आणि गप्प राहतं.
तिला हे सांगायचं नसतं. मी सांगितलं नाही.

सकाळी तेहतीस.
बेसिनवर वाकून डिंक धुताना,
वाफेतून, सहज,
हाइन्के विचारते,
"काल कोणी आलं नव्हतं का?"

मी टॉवेल पुढे करतो.
चष्मा, म्हणतो. तुमचा चष्मा.