दांडा कट

शिसोदे सरांनी जळगावच्या ग्राउंडवर
दोन पोल गोणपाटावर निजवले होते,
आम्ही ट्रकात घड निजवतो तसे,
घासू नयेत म्हणून.
दोन्ही काळे, दोन्ही चार मीटर.
मला वाटलं, सारखेच तर आहेत, निवडायचं काय?

सर म्हणाले, भाऊ, वरच्या टोकाला वाचा.
एकावर पन्नास, दुसऱ्यावर पंचावन्न.
किलो.
"पोलचं वजन?"
"नाही, पोरीचं."

एकवीस वर्षं मी केळीच्या काट्यावर उभा आहे,
धानोऱ्यापासून अडावदपर्यंत सगळे बांध मला ओळखतात.
पण काठीनं माणसाचं वजन विचारावं
हे पहिल्यांदाच ऐकत होतो.

उचलून पाहिला.
एवढा लांब, आणि हाताला जवळजवळ नाहीच.
झुकल्या केळीला टेकू देतो तो बांबू याच्या तिप्पट भरेल.
बरोबर आलेला बुधाअण्णा म्हणाला,
"हाई काठी शे का काठीनी सावली?"

सर सांगत होते.
हे कार्बन. वाकतं, आणि परत यायला उशीर करत नाही.
सगळीकडून नख फिरवून पाहा,
एक जरी ओरखडा लागला तरी सोडून द्या,
पोरगी हवेत असताना तो त्याला आठवतो.
आणि अंकापेक्षा जड पोरीनं यावर उडायचं नाही.
मऊ पोल लाड करतो,
मग मोडतो.

भाव विचारला. अर्ध्या ट्रक मालाएवढा,
बाजार पडलेला असेल तर अख्ख्या.

हर्षाली म्हणाली, पन्नासचा घ्या.
पटकन म्हणाली, डोळे गोणपाटावर.
जिल्ह्याला असाच होता, हाताला बसलाय,
शिवाय सहा हजारांनी कमी.

मापाड्याला पटकन सांगितलेलं वजन चालत नाही.
संध्याकाळी कटाई उरकल्यावर
तिला काट्यावर उभं केलं,
केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेत त्या पत्र्यावर.
चपला काढ म्हटलं.
एकोणपन्नास, दोनशे ग्रॅम.

दिवाळीत त्रेपन्न होती.

मग डबा आठवला, रोज परत येणारी अर्धी कळण्याची भाकर,
"सरावाला पोट जड नको, पप्पा."
त्या पन्नासात मावायला
पोरगी चार महिने स्वतःला सोलत होती
आणि मी रोज शंभर क्विंटल मोजून घरी येत होतो.

व्यापारी घडाचा दांडा वजनातून कापतात.
क्विंटलमागं इतके किलो कट, मी लिहून देतो.
कधी जास्त लिही म्हणतात.
कधी लिहिलंयही.
त्या संध्याकाळी काट्याचा आकडा स्थिर झाल्यावरही
मी तिला उतर म्हणालो नाही बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी एकटाच जाऊन पंचावन्नचा घेतला.
सर म्हणाले, कडक पडेल हं,
दोन महिने मागं फेकून देईल तिला.
देऊ द्या म्हटलं.
एसटीच्या कंडक्टरनं हात जोडले,
तेव्हा भरायला येणाऱ्या रिकाम्या ट्रकात
पाल्यावर निजवून आणला, शेंड्याला लाल चिंधी.
विदगावच्या पुलावर वारा होता,
मी पुलाच्या टोकापासून टोकापर्यंत त्याला धरून बसलो.

दोन दिवस ती बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी चोपड्याच्या मैदानावर पळाली,
पोल खड्ड्यात रोवला,
तो वाकल्यासारखा झाला
आणि तिला होती तिथं परत उभं केलं,
दारातून पाहुणा परत पाठवावा तसं.
अकरा वेळा.
बाराव्यांदा ती गादीच्या कडेला पडली, आडवी,
आणि शिवी दिली. कोणाला, ते मी विचारलं नाही.

रात्री तिनं तिसरी बट्टी घेतली.
मी ताटाकडे बघायचं टाळलं,
तिची आई वरणात तूप सोडत राहिली.

आज रविवार. वहीच्या मागच्या पानावर
तिच्या नावापुढं लिहिलंय:
पन्नास, सहाशे.
कट नाही.