लेफ्ट

अँब्रोज पार्डीनं आज अर्धीच दाढी केली आहे.
उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर पांढरे खुंट,
आणि आरशाबद्दल त्याची काही तक्रार नाही.

ताटातला कॉड मासा संपवलाय उजवीकडचा,
डावीकडचे बटाटे जिथल्या तिथं, गार.
"एनीथिंग लेफ्ट?" मी विचारते.
"नथिंग लेफ्ट, माय लव्ह," तो म्हणतो.
न्यूफाउंडलंडात नर्सलाही माय लव्हच म्हणतात.

नोव्हेंबरात मेंदूतली एक शीर तुंबली
आणि जगाची डावी बाजू मिटली.
डोळे शाबूत आहेत.
डावीकडं काही असतं, हेच तो विसरला.
घड्याळ काढ म्हटलं तर बाराच्या बारा आकडे
उजव्या अर्ध्यात दाटीवाटीनं,
बुडत्या जहाजावरून एकाच होडीत उतरल्यासारखे.

"शी लेफ्ट," असंही तो म्हणतो, अधनंमधनं, न विचारता.
सेलिना. समुद्रातले मासे संपले त्यानंतर,
धाकटीला घेऊन अल्बर्टाला, तेलाच्या गावी.
मग तिच्यामागनं गावही निघालं, हप्त्याहप्त्यानं.
शाळेत दोन मुलं उरली, मग नुसता फळा,
आता धक्क्यावर बोट येते आठवड्यातनं एकदा,
तीही औषधं आणि मी घेऊन.

उरलं, गेलं, डावं:
तिन्हींना एकच शब्द, कसं जमतं ह्यांना?
आपल्याकडं बरं, म्हटलं, गेलं ते गेलं, उरलं ते उरलं.
आणि परवा बोटीत एकदम आठवलं, आपलं 'राहिलं'.
राहिलं म्हणजे थांबलं, जागचं हललं नाही.
राहिलं म्हणजे हातून सुटलंसुद्धा:
पत्र टाकायचं राहिलं. विचारायचं राहिलं.
मग मी गप्प बसले, आणि बोट लागली.

आज सेलिना आली आहे.
कोट अंगातच, पर्स मांडीवर,
पलंगाच्या डाव्या अंगाला खुर्ची ओढून.
मी म्हटलं, इकडनं नको, दिसणार नाहीस त्याला.
"ठाऊक आहे," ती म्हणाली. "बसू दे जरा अशीच."

तो उजवीकडच्या खिडकीकडं बघत मला सांगतोय
ती गेली त्या सकाळची किटली.
चुलीवर तशीच राहिली, बुडाशी जळाली,
शेडमध्ये ठेवलीय अजून, कशाला कोण जाणे.
बाई वाईट नव्हती. चहा मात्र पाणचट करायची.
सेलिना पर्सचा खटका उघडते, मिटते, उघडते.

थेरपीतला नियम साधा आहे: ताट फिरवायचं.
अर्धा फेरा, की राहिलेलं नजरेत येतं.
मी हात पुढं करते,
त्याआधी तिनंच फिरवलंय.

"हे कुठनं आलं?" तो हरखतो,
बटाट्यात काटा घालतो, तोंड वाकडं करतो.
"मीठ कुठाय ह्यात?"

डावीकडनं एक हात पुढं येतो, मीठदाणी घेऊन,
आणि तिला न दिसणाऱ्या, त्याला न दिसणाऱ्या
त्या रेघेपाशी
थांबतो.