माणसांचा रकाना

ईली, मिनेसोटा. बाहेर उणे वीस.
उर्हो कालिओच्या गॅरेजमध्ये
माझ्या मोजपट्टीचा पत्रा बोटाला चिकटतो.
चोवीस फूट, चोवीस फूट, उंची नऊ.
स्वयंपाकघराकडची भिंत मी हिशोबात धरत नाही,
तिच्या पलीकडे ऊबच आहे, कॉफी उकळतेय.
उरल्या तीन भिंती, छप्पर, आणि हे दार.
दाराखालचं रबर उंदरांनी कुरतडलंय,
फटीतून उजेडाची रेघ आत आलीय
आणि तिच्यावर मीठ सांडावं तसा हिमाचा चुरा.

"पंच्याहत्तर हजाराचं बसव," तो म्हणतो.
"एकदाच काय ते. नाक ठेचायचंय मला या थंडीचं."

मोठं यंत्र उतावळं असतं, मी सांगते.
भसकन पेटतं, हवा तापवतं, विझतं,
पुन्हा पेटतं, आणि खाली काँक्रीट तसंच गार.
ऊब मुरावी लागते.
बेताचं यंत्र तासन्‌तास चालतं तेव्हा कुठे
फरशी, पाने, ऐरणीचं लोखंड
एकेक करून राजी होतात.
पंचेचाळीस पुरे.

तो खट्टू. तीस वर्षं खाणीतल्या ट्रकांची इंजिनं उघडली त्यानं,
'पुरे' हा शब्द त्याला कधी पुरलेला नाही.

मधोमध घोड्यांवर पालथी एक होडी, सीडरची.
उजवी बाजू पट्ट्यांनी भरलेली,
डावीकडे नुसत्या बरगड्या.

"इथे किती जण असतात?" मी रकाना दाखवते.
हिवाळ्याच्या हिशोबात माणसं धरत नाहीत.
सगळ्यात कडक रात्र धरायची
आणि आत कुणी नाही असं मानायचं.
पण उन्हाळ्यासाठी, गारव्याचं यंत्र मापताना,
माणसं मोजावी लागतात.
बसल्या जागी प्रत्येक जण ऊब सोडत असतो,
माणशी चारशेच्या आसपास.

तो डावीकडच्या एका बरगडीवरून अंगठा फिरवतो.
"एक."
मी लिहिते.
रस्त्यावरून बर्फ उपसणारा ट्रक जातो,
खिळ्यांचे डबे फळीवर किणकिणतात.
"खोड ते. दोन कर. माझा भाऊ, रेनो.
ही बाजू त्याची होती. अकरा वर्षं झाली."
"येणार आहेत?"
"विचारलेलं नाही अजून."

मी एकाचे दोन केले.
यंत्राच्या मापात त्यानं काही फरक पडत नव्हता,
ते बोलले नाही.
"आधी दाराचं रबर बदला," एवढंच म्हटलं,
"तीसेक डॉलर. मग बाकीचं बघू."

तो गुडघे मोडून खाली बसला, हातमोजा काढला,
आणि फटीशी तळवा धरून
वारा नेमका कुठून येतोय
ते चाचपत राहिला.