सी यू लेटर

हडर्सफील्डला येऊन अकरावा दिवस.
शेजारची डोरीन कचऱ्याचा डबा ओढत म्हणाली,
‘सी यू लेटर, लव्ह.’

लेटर म्हणजे नंतर, एवढं येत होतं मला.
लव्हचं काय करायचं कळेना,
ते बाजूला ठेवलं.

साबुदाणा भिजलेला होताच.
जालन्याहून आणलेलं, पुरवून पुरवून वापरायचं कूट
दोन मुठी जास्त घातलं.
खुर्चीवरचे कपडे उचलले.
चारलाच अंधार पडला, म्हणून
बाहेरचा दिवा लावून ठेवला.

साडेआठपर्यंत तिच्या टीव्हीतलं हसणं
भिंतीतून येत राहिलं.
खिचडीचा गोळा झाला.

यशोधन आला, पोट धरधरून हसला.
‘अगं, ते नुसतं म्हणायचं असतं!’

मी कढई घासत राहिले, रागारागात.
येणार नव्हती तर म्हणायचं कशाला?

मग घासणी थांबली.

जालना सोडताना
घरमालकीणबाईंच्या उंबऱ्यात
मी काय म्हणाले होते?
‘जाते’ म्हणू नये, म्हणून
‘येते हं, काकू.’
आणि त्या म्हणाल्या होत्या, ‘ये.’

सकाळी डोरीनचा रिकामा डबा
मीच तिच्या दाराशी नेऊन ठेवला.
खिडकीतून ती ओरडली,
‘यू ऑलराइट?’

मी सांगायला लागले.