खर्चाच्या रकान्यात

फेरीबोटीवर माझ्या पिशवीकडे लोक अजून बघतात.
करवंट्या चार, माडाचे हीर, सलाइनची धुतलेली नळी,
एका पायाची तुटकी चप्पल.
"बाई, भंगार घेता काय?" खलाशी विचारतो.
घेते, म्हणते. बदल्यात परिसर अभ्यास देते.

चोडणच्या शाळेत एकच खोली, चार वर्ग,
सगळी मिळून अकरा मुलं.
प्रयोगशाळा म्हणजे खिडकीची रुंद चौकट
आणि तिच्यावर मुंग्या येणार नाहीत अशा बेताने ठेवलेली
काजूच्या मोसमातली रिकामी बाटली.

सोमवारी भिरंडाची सालं उकळली.
लाल पाण्यात साबणाचा फेस टाकला,
पाणी आधी बिचकलं, मग हिरवट-करडं झालं.
आन्सेल्म म्हणाला, सोलकढी पिऊन दात घासले
तर जीभ हिरवी होईल?
मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.
मंगळवारी तो दारातच जीभ काढून उभा:
नाही झाली!
वहीत लिही, म्हटलं. नाही झाली, हेही लिहायचं असतं.

तालुक्याच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस ज्वालामुखीला मिळालं,
थर्माकोलचा, तोंडाशी सोनेरी रंग.
आमच्या टेबलावर एक टब होता
आणि टबात चिखल.
परीक्षक चष्मा न लावताच पुढे गेले.

त्या टबाची गोष्ट सांगायची राहिली.

शाळेमागच्या खाजनातला चिखल आणून बांध घातला,
एका बाजूला शेत, एका बाजूला खाडी,
बांधात बाटलीचा गळा बसवला, ही मानस.
चपलेचं रबर कापून तिला दार केलं,
सुतळीची बिजागरी.
खाडीच्या पाण्यात मीठ, आणि दिसावी म्हणून नीळ.
रविवारचा अख्खा दिवस गेला होता.
मला माझं फार कौतुक वाटत होतं.

भरती आली, म्हणजे मी तांब्याने पाणी ओतलं,
आणि दार आपलं उघडलं, अगदी अदबीने,
निळं पाणी शेतात शिरलं.

मुलं गप्प.
सुकांती गावडे, जी वर्षभरात
"हजर" सोडून काही बोलली नव्हती,
ती म्हणाली, बाई, शेत गेलं तुमचं.
कोरगुटसुद्धा इतकं खारं सोसत नाही.

मग ती टबापाशी बसली.
दार शेताच्या अंगाला लावलंय तुम्ही.
खाडीच्या अंगाला पाहिजे.
भरतीनेच ते मिटतं, बाई,
येणारं पाणीच दाराला रेटून धरतं.
सुकती लागली की आतलं पाणी ढकलतं आणि निघून जातं.
कोणी उघडत नाही. कोणी लावत नाही.
सुतळी तिने दाताने तोडली,
गाठ मारली तीही मला न येणारी.

मी पुन्हा तांब्या ओतला.
रबर बाटलीच्या तोंडावर चप्प बसलं.
एक थेंब आला. तिने चिखलाचं बोट फिरवलं,
तोही थांबला.

तुला कोणी शिकवलं?
आजो मानशीवर असतो, म्हणाली.
पुनवेला आणि अवसेला पाणी जास्त ओढतं,
तेव्हा रात्री जाळं लावतो आम्ही.
कंदील मी धरते.

मी हजेरीपट मागे चाळला.
जून, जुलै, ऑगस्ट.
तिच्या नावापुढच्या गैरहजेऱ्या
पंधरा-पंधरा दिवसांनी, शिस्तीत,
एखाद्या पंचांगासारख्या उभ्या होत्या.
आणि मी शेऱ्यात लिहिलं होतं: अनियमित.

केंद्राचा फॉर्म भरायचा होता.
साहित्यावर खर्च: निरंक.
साहित्य बनवणाऱ्या शिक्षकाचं नाव:
इथे पेन बराच वेळ उघडं राहिलं, शाई वाळली,
मग झटकून मी दोन नावं लिहिली.
केंद्राकडून फोन आला, रकान्यात एकच नाव मावतं.
मावलंय, म्हटलं. बारीक लिहिलंय.

शुक्रवारी अवस होती. शनिवारी ती आली नाही.
गैरहजर लिहावं लागतं, नियम आहे.
लिहिलं.
पेन्सिलीने.