सांधणी

रात्रशाळेत वीज गेली तेव्हा
मी फळ्यावर पीळ घातलेली शिडी काढत होते.
निम्म्या पायऱ्या राहिल्या.
मेणबत्ती लावून तोंडीच पुढे गेले:
ए फक्त टीचाच हात धरतं, दोन बोटांनी,
जी सीचा, तीन बोटांनी,
सोयरीक दुसरीकडे जुळत नाही.
आणि दोन्ही धागे शेजारी, पण तोंडं उलट,
एक साखर पेठेकडे निघालेला,
दुसरा तिकडूनच परत येणारा.

"मग नक्कल करताना पीळ सोडवतं कोण?"
मागच्या बाकावरून व्यंकटी येमुल.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात दिवसभर सांधणी करतो.
बीम संपलं की जुन्या ताण्याचं एकेक टोक
नव्या ताण्याच्या एकेक टोकाला
बोटांना राख लावून पिळायचं,
चोवीसशे वेळा.
एक तार इकडची तिकडे झाली
की मोराची मान शेजारच्या वेलीत.

म्हटलं, एक विकर असतं,
स्वेटरची चेन उघडावी तसं मधून जातं.
धागे सुटे होतात,
आणि प्रत्येक जुन्यासमोर एक नवा उभा राहतो,
अक्षराला अक्षर विचारत.
शेवटी शिड्या दोन,
दोन्हींत एक धागा जुना, एक नवा.

"म्हणजे जुना काढून टाकत नाहीत."
"नाही."
"आमच्यात पण नाही. जुना ताणा वहीतून, फणीतून
ओवलेलाच राहतो. त्यालाच धरून नवा आत येतो.
नाहीतर परत ओवायला दोन दिवस."
पुस्तकात याला पाऊण पान लागलंय.

मग अवघड भाग.
नवा धागा विणणाऱ्या विकराला एकाच दिशेनं चालता येतं,
म्हणून एका बाजूचं काम सरळ होतं,
दुसऱ्या बाजूचं तुकड्यातुकड्यांनी,
थोडं विणायचं, मागे यायचं, परत थोडं,
आणि ते तुकडे नंतर कुणीतरी वेगळंच जोडतं.
"त्या जोडणाऱ्याला तुकड्यामागं किती?"
वर्ग हसला. व्यंकटी हसला नाही.

माझे नायना जकार्डचे पत्ते उतरवायचे.
जुना पत्ता उजेडासमोर धरून
कोऱ्या पुठ्ठ्यात भोकाला भोक.
दर दहाव्या पत्त्याला थांबून बोटानं तपासत,
चुकलं तर पत्ता फाडत.
तरी एकदा कमळाला एक पाकळी जास्त पडली.
मालकानं पगार कापला,
आणि पुढच्या महिन्यात उमरग्याचा व्यापारी म्हणाला,
तसलंच कमळ द्या, दोनशे नग.
कापलेला पगार काही परत आला नाही.

पेशीही मागे वळून तपासते,
चुकीचं अक्षर खुडते.
अब्जात एखादं राहतं.
त्यातलं एखादं आजार होतं,
एखादं पाकळी,
बहुतेकांचं काहीच होत नाही.

टोकाचं मी सांगितलं नाही.
अभ्यासक्रमात नाही, आणि मेणबत्ती संपत आली होती.
धाग्याच्या अगदी शेवटाशी विकराला
पाय ठेवायला जागाच उरत नाही,
म्हणून दर नकलेला धागा थोडा आखूड होतो,
आणि निसर्गानं तिथं मुद्दाम
वाया जाण्यापुरती अक्षरं जोडून ठेवलीत.
चादरीलाही असतात तशा,
न विणलेल्या दशा.

घरी आले तर विडी घरकुलात अजून अंधार.
नायना दारात, मांडीवर तीच कमळाची चादर,
नजर नसलेल्या बोटांनी
दशा दोन-दोन घेऊन पीळ घालत बसलेले,
कड उसवू नये म्हणून.
चाहूल लागली तसे थांबले.
"बीम आलं का?"
गिरणी बंद होऊन किती वर्षं झाली
हे मी दरवेळी नव्यानं सांगत नाही.
म्हटलं, वीज गेलीय.
"हां," म्हणाले,
आणि पुढच्या दोन दशा उचलल्या.